घरात कुणी न्हाई

"मला धरलं का?"

शमशादभाभीचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहून बायका मोजत होते. आमच्या संघटनेचं पत्रक निघायचं होतं. 'न्यायालयात आमच्या खुर्च्या कुठे?' हे नाव मीच ठरवलं होतं आणि चौकटीत छापायला मला आकडा हवा होता. वरच्या खुर्चीत एक बाई, त्याही नुकत्याच बदलून आलेल्या. वकिलांच्या खोलीत, दाराजवळच्या एकाच बाकड्यावर दाटीवाटीनं बसलेल्या तिघी. पंख्याखालच्या खुर्च्या पुरुष वकिलांच्या, प्रत्येकाची ठरलेली. मालक आला नाही तरी दिवसभर रिकामी. जिल्ह्याला आता एका राज्यकर्त्या बाईचं नाव आहे, कोर्टाचे शिक्केसुद्धा बदलले, पण बाकडं तेच. हे वाक्य मला फार आवडलं म्हणून मी वहीत लिहून घेत होते.

शेजारच्या बाकावर पन्नाशीपुढची एक बाई चप्पल काढून टाच चोळत बसली होती. निळी साडी, पदराला कोर्टाचा बिल्ला, मांडीवर रेक्झिनची काळी पिशवी.

"काय मोजताय?"

"कोर्टात बायका किती आहेत ते."

"मला धरलं का?"

"तुम्ही इथे कामाला आहात?"

तिनं मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "न्हाई. हवा खायला येते."

मी तिला धरलं नव्हतं. पत्रकाच्या मसुद्यात 'न्यायव्यवस्था' हा शब्द मी जागोजागी पेरला होता, आणि माझ्या डोक्यात न्यायव्यवस्था म्हणजे उंच खुर्ची आणि काळा कोट. बाकीची माणसं दिसतच नव्हती. हे कबूल करायला मला अजून लाज वाटते, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

ती बेलिफ होती. कोर्टानं काढलेला कागद ज्याच्या नावाचा, त्याच्या हातात नेऊन द्यायचा, सही घ्यायची आणि काय घडलं ते लिहून अहवाल द्यायचा, हे बेलिफाचं काम. कागद पोचला नाही तर खटला जागचा हलत नाही. वरच्या खुर्चीत कितीही भली बाई बसवा, कागद वाटेत अडला की तीही नुसती तारीखच देणार. हे मला कुठल्याच शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा सलीम याच कोर्टात बेलिफ होता. नोटीस बजावायला जाताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या जागी तिला शिपायाचं काम मिळालं. बारा वर्षं तिनं कोर्टाला पाणी पाजलं. मग तिचा नंबर बेलिफासाठी लागला, तेव्हा नाझर, म्हणजे बेलिफांचा साहेब, म्हणाला, "भाभी, उन्हातान्हाचं काम आहे. बायकांनी कुठं गावोगाव फिरायचं?"

"साहेब, हंडे उचलत हुते तवा न्हाई म्हनाला तुमी, की बायकांनी कुठं हंडे उचलायचे."

सगळं कोर्ट तिला भाभी म्हणायचं. का, तर सलीमची बायको. सलीम जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्याच्याच नात्यानं ओळखली जायची. मी चिडून तिला हे बोलून दाखवलं.

"मग तू काय म्हनशील?"

"शमशादताई."

"म्हन."

दोन दिवस म्हटलं. तिसऱ्या दिवशी माझ्याही तोंडून भाभीच आलं. तिनं ओ दिली आणि हसली. मला ती 'पत्रकवाली' म्हणायची, नाव माहीत असूनही. जी माणसाला त्याचं नाव विचारल्याशिवाय कागद देत नसे, ती मला मात्र नावानं हाक मारत नसे.

सकाळच्या एसटीनं ती निघायची. एसटी जिथं संपते तिथून टमटम, टमटम संपते तिथून पाय. मी पुष्कळदा तिच्याबरोबर गेले. सुरुवातीला पत्रकासाठी, नंतर सवयीनं. तिची एक पद्धत होती. ती अंगणातून नावानं आरोळी ठोकायची नाही. कडेला उभी राहून आधी पाणी मागायची. बिल्ल्यावरचं 'शेख' वाचून काही घरांत पाणी यायला वेळ लागायचा. मला राग यायचा. मी म्हणायचे, चला, दुसरीकडे पिऊ.

"लागू दे उशीर. पानी घिऊन बाई भाईर तर येती."

बाई बाहेर यायची. भाभी विचारायची, अमुक अमुक हायत का घरी? आणि बाई दारात उभी राहून, पदर सारखा करत, ठरलेलं वाक्य म्हणायची.

"घरात कुणी न्हाई."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. माझी आई म्हणते. तुमची आई म्हणते. धडधडीत जिवंत बाई दारात उभी राहून सांगते, की घरात कुणी नाही, आणि समोरचा मान डोलावून परत जातो. मी याच्यावर कितीतरी भाषणं ठोकली असती. भाभी तीन शब्द बोलायची.

"तुमी हाय ना?"

बाई मागं वळून बघायची, जणू दुसऱ्याच कुणाला विचारलंय.

दिवाणी कायदा सांगतो, की माणूस सापडत नसेल तर घरातल्या कुठल्याही सज्ञान व्यक्तीला कागद देता येतो. पूर्वी तिथं 'पुरुष' असा शब्द होता. तो केव्हाच काढला. फौजदारीच्या कायद्यात तर तो अगदी परवापरवापर्यंत होता. पण कायद्यातून काढलेला शब्द बेलिफांच्या हातातून निघाला नव्हता. नाझरच्या कपाटात जुन्या अहवालांचे गठ्ठे होते. भाभीनं एकदा मला दाखवले. पानामागून पान तेच वाक्य: 'घरी बायकांशिवाय कोणी मिळून आले नाही, सबब नोटीस परत.' पोचला नाही म्हणून परत आलेला एकेक कागद, आणि प्रत्येक कागदाच्या मागे एक बाई दारात उभी. मी संतापले. भाभी गठ्ठा बांधत होती.

"हे कुणी बदलायचं?" मी म्हणाले.

"मी माझ्यापुरतं बदललंय," ती म्हणाली. "तू गाठ धर, सुटती."

तिच्या अहवालात बाईचं नाव असायचं. अमक्याची पत्नी, तमक्याची आई असं नव्हे. "नाव सांगा. मालकाचं न्हाई, तुमचं." मग वय. मग सही. पिशवीतलं पेन फायलीच्या लाल फितीनं पिशवीच्या बंदाला बांधलेलं. शाईचा पॅड पिशवीच्या तळाशी, त्याच्यावर डबा, त्याच्यावर पाण्याची बाटली. "पॅड वर ठिवला की बाया अंगठाच फुडं करत्यात. येत असून करत्यात."

नाझर तिच्या अहवालांना वैतागायचा. छापील नमुन्यात 'दारावर डकवली' असं वाक्य आहे. कुणीच भेटलं नाही तर नोटीस दारावर चिकटवायची असते. एकदा तिची बजावणी शनिशिंगणापूरला होती. जुन्या घराला चौकट होती, दार नव्हतं. तिथं नसतंच. दुसरा असता तर छापील वाक्याखाली सही करून मोकळा झाला असता. हिनं ते वाक्य खोडून लिहिलं: 'घरास दार नाही. चौकटीच्या उजव्या खांबास, शेळीच्या तोंडास लागणार नाही अशा उंचीवर डकवली.' नाझरनं ते सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. पुढं त्या घरमालकाच्या वकिलानं नोटीस दिसलीच नाही म्हणून खूप आदळआपट केली, पण शेळीपुढे त्याचं काही चालेना.

आणि कुलपाची गोष्ट. कोर्टातल्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी नाझरच्या टेबलामागे, खिळ्याला. म्हणजे वकीलबाई असो नाहीतर खटल्याला आलेली म्हातारी, तिनं सगळ्या पुरुषांदेखत जाऊन चावी मागायची. मी याच्यावर निवेदन लिहिलं. वरपर्यंत पाठवलं. पोच आली. एक दिवस भाभीनं कुलूप उघडलं, तसंच कडीला उघडं अडकवलं आणि चावी पिशवीत टाकून बजावणीला निघून गेली. संध्याकाळी परत येऊन सांगितलं, चावी हरवली. नवं कुलूप आणायचं तर जिल्ह्याकडून मंजुरी, त्याला फाईल, फाईलला कारण. कारण लिहायला कुणी तयार होईना. ते कुलूप अजून उघडंच लटकतं आहे. माझं निवेदनही अजून विचाराधीन आहे.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले, ती गोष्ट.

छाया नावाची एक बाई आमच्या संघटनेत आली. वडील वारलेले. पाटालगतची जमीन भाऊ रावसाहेब कसत होता आणि तीच आता परस्पर विकायला निघाला होता. छायानं हक्कसोडीवर सही करावी म्हणून त्यानं दिवाळीला साडी पाठवली होती. छायानं साडी परत केली आणि वाटणीचा दावा लावला. लाव म्हणून मीच मागे लागले होते. विक्री थांबवायची तर आधी रावसाहेबाला नोटीस पोचायला हवी. तिकडचा बेलिफ चार वेळा जाऊन आला. चारी वेळा तेच: घरी बायकांशिवाय कोणी नाही. चार तारखा गेल्या. खरेदीखताचा दिवस ठरल्याची बातमी आली. मी नाझरच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला.

नाझरनं कागद उचलून भाभीकडे टाकला. "घ्या. तुमच्या पत्रकवालीचं काम आहे."

दावा आमच्या संघटनेतल्या बाईचा, म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. संध्याकाळी भाभीनं सांगितलं ते असं. अंगणात रावसाहेबाची बायको शेंगा फोडत बसलेली. चौतीस-पस्तीसची. पाणी दिलं. म्हणाली, घरात कुणी न्हाई. भाभी म्हणाली, तुमी हाय ना? नाव विचारलं. सविता. भाभीनं पेन पुढं केलं तशी म्हणाली, "सही येती मला. पोरींच्या प्रगतीपुस्तकावर मीच करते." दोन मुली तिला. सही केली, नोटीस घेतली, बरोबर दाव्याची नक्कल होती तीही घेतली. भाभी फाटकापर्यंत आली तरी ती उभ्यानं पहिलं पान वाचत होती.

तारखेला रावसाहेब आला नाही. नोटीस पोचल्याची सही कागदावर होती. न्यायाधीश मॅडमनी विक्रीला मनाई दिली. रावसाहेबाला हे कळलं ते खरेदीखताला गेल्यावर, दहा माणसांदेखत. आपण सही केल्याचं सवितानं एक अक्षरही त्याच्या कानावर घातलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्याचा वकील कोर्टात. अर्ज असा: नोटीस मिळालीच नाही. बायको अडाणी आहे, तिला सही येत नाही. बेलिफबाई संघटनेला सामील आहे, तिनं घरात न जाता खोटी सही मारली. सोबत सविताचं शपथपत्र, खाली अंगठा. आणि जिल्ह्याला वेगळी तक्रार, की हिला नोकरीतून काढा.

अहवाल खोटा ठरला की बेलिफाची नोकरी जाते. शमशादभाभीच्या नोकरीची दीड वर्षं राहिली होती. बारा वर्षांचे हंडे आणि त्यापुढची पायपीट, सगळं आता एका सहीवर टांगलेलं होतं. आणि छायाची मनाईही.

"घाबरू नका," मी म्हणाले. "आपण मोर्चा काढू."

"मला कुठं उभी करशील? घोषना द्यायला का घोषनेत?"

तरी मला एक आधार होता. प्रगतीपुस्तकं. सविता अडाणी नाही हे सिद्ध करायला शाळेतून एक प्रगतीपुस्तक मागवलं की झालं. भाभीनं कोर्टात एवढंच सांगायचं होतं. आणि वर मॅडम होत्या, बाईमाणूस. त्यांच्या स्वागताचं पत्रकही मी काढलं होतं.

साक्षीच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. आधी भाभी पिंजऱ्यात. मॅडमचा आवाज इतका कोरडा होता, की मला ते पत्रक आठवून ओशाळल्यासारखं झालं.

"तुम्ही त्या बाईंना आधी ओळखत होता?"

"न्हाई."

"मग ती त्याच घरातली आहे हे कशावरून ठरवलं?"

"पानी दिलं मॅडम. माठ कुठं हाय, तांब्या कुठं हाय, कुनाला विचारलं न्हाई. पाव्हनी असती तर विचारलं असतं."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. वकील उठला.

"समोरच्या संघटनेच्या कार्यकर्तीबरोबर तुम्ही चहा घेता?"

"घेते."

"रोज?"

"ती पाजती तवा."

मागच्या बाकांवर हशा झाला. मॅडमनी वर पाहिलं, तो थांबला.

"घरातल्या पुरुषाची वाट का नाही पाहिली?"

"चार येळा पाहिली हुती साहेब, कोर्टानं."

मग सविताला बाहेरून आत बोलावलं. डोक्यावर पदर, नजर खाली. रावसाहेब पहिल्या बाकावर, बरोबर तिच्या समोर, मांडीवर हात ठेवून. ती बोलली तो आवाज टंकलेखकालाही ऐकू जाईना. मॅडमना दोनदा विचारावं लागलं.

"मला कुनी काय दिलं न्हाई. ह्या बाईला मी बघितलं न्हाई."

"सही येते का तुम्हाला?"

रावसाहेबाचा हात मांडीवरून गुडघ्यावर आला. एवढंच.

"न्हाई."

टंकलेखक तिची साक्ष छापायला लागला. ती पिंजऱ्यातच उभी होती, कारण छापून झाल्यावर साक्षीखाली तिची निशाणी घ्यायची असते. तेवढ्या वेळात मॅडम भाभीकडे वळल्या.

"बाईंनी नाही सांगितलंय. तुमच्यावर आरोप गंभीर आहे. त्यांना लिहिता येतं असं दाखवणारं तुमच्याकडे काही आहे? काहीही?"

मी बाकाच्या कडेवर आले होते. आता, मी मनात म्हणत होते. आता सांग. प्रगतीपुस्तक.

भाभीनं सविताकडे पाहिलं. मग रावसाहेबाच्या हाताकडे. मग समोर.

"न्हाई मॅडम."

"नीट विचार करा."

"केला. न्हाई."

मी अर्धी उठले होते. भाभीनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं मी परत खाली बसले. एका शब्दात तिनं स्वतःची नोकरी टाकून दिली होती, आणि ते कोर्टात आम्हा तिघींनाच कळलं होतं. मला, तिला आणि पिंजऱ्यातल्या त्या बाईला.

छापलेला कागद आला. लिपिकानं तो कठड्यावर ठेवला, शेजारी शाईचा पॅड उघडला आणि सविताचा अंगठा धरायला हात पुढं केला. तिनं हात मागं घेतला. लिपिकाच्या दुसऱ्या हातात पेन होतं. तिनं ते काढून घेतलं, वाकली आणि सही केली. सावकाश. पूर्ण नाव. शेवटच्या अक्षरावरची रेघही ओढली. मग पेन परत दिलं आणि पदर सारखा केला.

वकील उभा राहिला आणि पुन्हा बसला. रावसाहेब उठला. मॅडमनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "बसा." त्यांनी अहवाल मागवला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

मग हुकूम सांगितला. दोन्ही सह्या जुळतात, बजावणी योग्य, मनाई कायम. आणि शेवटी, वकिलाकडे बघत: "साक्षीदार घाबरलेली दिसते. गडबडून सवयीनं सही झाली असावी. त्यासाठी तिच्यावर काही कारवाई करण्याचं कारण नाही."

बाहेर पडताना मी फणफणत होते. घाबरलेली? सवयीनं? डोळ्यांसमोर एका बाईनं एवढं मोठं केलं आणि बाईच न्यायाधीश त्याला गडबड म्हणते? त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा, 'तिने सही केली!' नवऱ्याच्या नजरेसमोर, विचारपूर्वक, निर्भयपणे, असं सगळं. मॅडमच्या त्या वाक्यावर एक परिच्छेद. शनिवारी गठ्ठे छापून आले. सोमवारच्या बाजारात वाटायचे होते.

शनिवारीच सकाळी भाभी कार्यालयात आली. उभ्यानंच एक पत्रक वाचलं.

"किती वाटली?"

"अजून नाही. वाचलंत? कसं झालंय?"

"वाटू नको."

"का? एक शब्द खोटा नाही त्यात."

"म्हनून तर." ती बसली. "रावसाहेबाला वाटतंय, येडी घाबरली आन् चुकली. कोर्टानं बी तसंच म्हनलं, त्याच्या वकिलानं बी त्याला तसंच सांगितलं. चार शिव्या देऊन गप बसला त्यो. आता तू बाजारात वाचून दाखव, की चुकली न्हाई, ठरवून केलं. मग?"

"म्हणजे धाडस करायचं आणि ते चूक म्हणून मिरवायचं?"

"व्हय."

"किती दिवस?"

"तिला पायजे तितके. घर तिचं हाय, तू तिथं ऱ्हात न्हाईस." मग पत्रकावर बोट ठेवून म्हणाली, "आन् ह्यात तिचं नाव कुठंय? 'रावसाहेबांची पत्नी' लिव्हलंस."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. बाईचा विजय म्हणून छापलेल्या पानावर बाईचं नाव नव्हतं, नवऱ्याचं होतं. तिला वाचवण्यासाठी म्हणून मी तसं केलं, असं सांगता आलं असतं. पण तेव्हा तो विचार माझ्या मनात आलेलाच नव्हता.

मॅडमचं वाक्य मला तेव्हा उलगडलं. 'सवयीनं' हा शब्द त्यांनी सविताच्या डोक्यावर छपरासारखा धरला होता, आणि मी तो उचकटायला निघाले होते. पत्रकं पाठकोरी होती. भाभीनं गठ्ठे नेले आणि पुढं कितीतरी महिने बजावणीची टिपणं त्यांच्या मागच्या बाजूला केली. गावोगावच्या बायकांची नावं आणि वयं, माझ्या मथळ्याच्या पाठीवर.

सविताची खबर आम्ही विचारत नव्हतो, विचारणंही धोक्याचं. वर्षभर काही कळलं नाही. मग एक दिवस छायाचा फोन आला, की भावजय दोन्ही मुलींना घेऊन तिच्याकडे आलीय. माहेरी नाही, नणंदेकडे. येताना दोन पिशव्या, आणि थोरलीच्या दप्तरात चार घड्या घातलेली दाव्याची नक्कल. तीच, जी तिला मिळालीच नव्हती. नणंदेचा दावा तिनं इतक्या वेळा वाचला होता, की घड्यांवर कागद फाटला होता. त्यात लिहिलं होतं, मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. वकिलांच्या खोलीतल्या त्या दाराजवळच्या बाकड्यावरच्या एकीनं तिचा दावा लिहिला. दोन अज्ञान मुली, त्यांच्या वतीनं आई सविता, विरुद्ध बाप. हे सगळं लिही, असं आता सवितानंच मला सांगितलं. नावं मी बदलली आहेत. शमशादभाभीचं सोडून. ते तिनं बदलू दिलं नाही.

नोटीस निघाली तेव्हा भाभीच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. गुडघा पार गेला होता. तिनं नाझरकडून तो कागद मागून घेतला आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

त्यानंतर ती मुलीकडे बीडला गेली. फोनवर बोलणं होतं, भेट नाही. म्हणून डोळ्यांपुढं येते ती त्या दुपारचीच.

रावसाहेबाचं अंगण झाडलेलं नव्हतं. शेंगांची टरफलं वाऱ्यानं कोपऱ्यात गेलेली. तो ओट्यावर एकटाच बसला होता, बनियनवर. मी गाडीपाशीच थांबले. भाभी लंगडत अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

त्यानं तिला ओळखलं. उठला नाही. मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारेल. मी गाडीची किल्ली मुठीत धरली होती.

"घरात कुणी न्हाई," तो म्हणाला.

"तुमी हाय ना?"

त्यानं मागं वळून दाराकडे पाहिलं.

"नाव सांगा," भाभी म्हणाली.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?"

"मला हाय. कागदाला सांगा."

त्यानं सांगितलं. लाल फीत ताणत तिनं पेन पुढं केलं. त्यानं सही केली, कागद घेतला आणि न वाचताच मांडीखाली ठेवला. आता निघू, असं मला वाटलं. भाभी निघेना.

"पानी देता?"

तो उठून आत गेला. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. एक झाकण पडलं. मग काहीतरी घरंगळत लांब गेलं. मग शांत, मग पुन्हा भांडी. माठ कुठं, तांब्या कुठं, ते त्याला सापडत नव्हतं. मी हळूच हाक मारली, "भाभी, चला, दुसरीकडे पिऊ."

तिनं मागं न बघता हात हलवला. लागू दे उशीर. आणि उन्हात, पिशवी पोटाशी धरून, एका पायावर भार देऊन ती तशीच उभी राहिली, आतला आवाज ऐकत.